बॉनेट उघडून उभी असलेली गाडी

मोटारीचा इतिहास म्हटलं की कोणी, कुठे, कधी पहिली गाडी चालवली याच्या याद्या मिळतात. पहिला वेगाचा विक्रम, पहिली शर्यत, पहिला कारखाना. पण मंडळी, रस्त्यात पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा आत कोण बसलं होतं, असा प्रश्न कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न फार दिवस पडलेला होता. लहानपणातले प्रवास आठवायला बसलं की मला चालत्या गाडीपेक्षा उभी गाडीच जास्त आठवते, हे त्याचं कारण असावं.

तर उत्तर असं आहे की मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच गाडी अनेकदा बंद पडली, आणि आत एक आई आणि तिची दोन मुलं होती.

साल १८८८, महिना ऑगस्ट, गाव जर्मनीतलं मानहाइम. कार्ल बेन्झनं आपल्या तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट जानेवारी १८८६ मध्ये घेतलं होतं, पण गाडी कोणी विकत घेईना. लोक बघायला यायचे, हसायचे आणि घोड्यावर बसून परत जायचे. कार्लचा स्वभाव बेतानं चालणारा. अजून थोडी सुधारू, मग बघू, असा. बायको बर्था मात्र वेगळ्या मातीची. लग्नाआधीच तिनं आपल्या हुंड्याचा पैसा या माणसाच्या कारखान्यात घातला होता, त्यामुळे गाडी खपणं न खपणं हा तिच्या दृष्टीनं नुसता नवऱ्याचा छंद नव्हता. मुलांना सुट्टी लागली होती. एका पहाटे नवरा झोपेत असताना एकोणचाळीस वर्षांची बर्था, पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिशार्ड अशी तिघं गाडी घेऊन निघाली ती तिच्या माहेरी, फोर्झहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. तोवर ती गाडी कारखान्याच्या आसपासच काय ती फिरलेली.

माहेरी जायचं म्हणून निघाली आणि इतिहास झाला, हे मला फार आवडतं. आपल्याकडे असं कुणी लिहिलं असतं तर "बाई माहेराला निघाली की तिला कोण अडवणार" असं वाक्य त्यात आलंच असतं.

पुढचा दिवसभराचा प्रवास म्हणजे ब्रेकडाउनची साखळीच. इंधनाची नळी तुंबली, ती बर्थानं आपल्या हॅटपिननं मोकळी केली. एका तारेचं आवरण झिजून वीज भलतीकडे जायला लागली, तिथं मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी लांबली, ती ब्रुखसालमध्ये एका लोहारानं नीट केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजायला लागले, तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात तिथून सांगतात. चढ आला की दोघांनी उतरून ढकलायचं आणि एकानं सुकाणू धरायचं. इंजिन थंड ठेवायला पाणी सारखं उडून जायचं, म्हणून विहीर, ओढा, खानावळ दिसेल तिथं थांबून पाणी भरायचं. आणि पेट्रोल? पेट्रोल पंप कुठला? वीसलोख नावाच्या गावात औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. कपड्यावरचे डाग काढायला वापरायचं द्रावण ते! ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं.

संध्याकाळी तिघं पोचली आणि नवऱ्याला तार गेली. परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा हे तिनं सांगितलं आणि कार्लनं तो बसवला. हे सगळं कार्लनं १९२५ साली छापलेल्या आठवणींत येतं, म्हणजे घडल्यावर सदतीस वर्षांनी. घरातली गोष्ट इतक्या वर्षांनी सांगताना थोडी गोल होतेच, हे आपल्या सगळ्यांच्या घरी माहीत आहे. तरी गाडी माहेरी पोचली आणि परत आली, यात काही शंका नाही.

मला यात सगळ्यात लक्षात राहिलं ते हे, की त्या दिवशी गाडी दुरुस्त करणाऱ्यांत मेकॅनिक एकही नव्हता. कारण मेकॅनिक ही जातच अजून जन्माला आली नव्हती. लोहार होता, चांभार होता, औषधवाला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर मोटारगाडीची पहिली दुरुस्ती बलुतेदारांनी केली. आपल्याकडे बैलगाडीचा आरा मोडला की सुताराकडे आणि धाव निसटली की लोहाराकडे जायचं, तेच. गाडी नवी होती, रस्त्याकडेची माणसं जुनीच होती, आणि त्यांनी "हे आमचं काम नव्हे" म्हटलं नाही.

यानंतर एकवीस वर्षांनी, १९०९ मध्ये, अमेरिकेत अ‍ॅलिस रॅम्से नावाची बावीस वर्षांची एक मुलगी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गाडी चालवत गेली. मुलगी म्हणते खरी, पण ती एका मुलाची आई होती. एकोणसाठ दिवस लागले. अकरा वेळा टायर बदलावे लागले आणि रस्ता बहुतेक ठिकाणी कच्चाच होता. सोबत कोण? एक मैत्रीण आणि (आता नीट ऐका) दोन नणंदा! तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. एके ठिकाणी रेडिएटर कोरडा पडला. पाणी जवळच्या खड्ड्यात होतं, पण आणायला भांडं नव्हतं. मग नणंदांच्या सामानातल्या कोरीव काचेच्या, चांदीच्या झाकणाच्या प्रसाधनाच्या बाटल्या बाहेर निघाल्या आणि त्या बाटल्यांतून थोडं थोडं पाणी आणून रेडिएटर भरला. नणंद-भावजयीच्या नात्यावर आपल्याकडे ओव्यांचा ढीग आहे, पण नणंदेनं आपली चांदीच्या झाकणाची बाटली भावजयीच्या रेडिएटरसाठी दिली, असा प्रसंग काही माझ्या कानावर आलेला नाही.

अकरा टायर म्हटल्यावर स्टेपनीबद्दल सांगायलाच हवं. हा शब्द आपण मराठी असल्यासारखा वापरतो, अगदी माणसांबद्दलसुद्धा (आणि ते काही फार बऱ्या अर्थानं नाही). सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर काढायचा, ट्यूब शोधायची, ठिगळ लावायचं. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेल्ली गावात वॉल्टर आणि टॉम डेव्हिस या भावांनी आरे नसलेली, टायर चढवलेली एक रिम काढली, जी पंक्चर चाकावरच आवळून बसवता यायची. त्यांची जागा स्टेपनी स्ट्रीटवर होती, म्हणून ते स्टेपनी व्हील. कंपनी गेली, ती पद्धत गेली, इंग्लंडात तो शब्दही जवळजवळ गेला. आपल्याकडे राहिला, आणि ब्राझीलमध्ये 'एस्तेपे' होऊन राहिला. वेल्समधल्या एका रस्त्याचं नाव सोलापूरच्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर आहे, आणि त्याला किंवा त्या रस्त्याला याचा पत्ता नाही.

मदत करणाऱ्या संस्था नंतर आल्या. इंग्लंडात १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली, पण गंमत म्हणजे ती निघाली ती पोलिसांच्या वेगाच्या सापळ्यांपासून सभासदांना सावध करायला. त्यांची माणसं सायकलवरून फिरायची आणि सभासदाची गाडी दिसली की सलाम ठोकायची. सलाम ठोकला नाही तर समजायचं की पुढे पोलीस दबा धरून बसलाय! बंद गाड्या सुरू करून देणं हे काम वाढत गेलं ते यातूनच. आपल्याकडे मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. पण खरं सांगायचं तर सामान्य घरातल्या माणसाला तिचा आधार वाटावा इतक्या गाड्या सामान्य घरात होत्याच कुठे?

आता आपल्या बोरघाटात येऊ.

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांनी खुला केला. तो बैलगाड्यांसाठी आणि घोड्यांसाठी होता, मोटार जन्माला यायला अजून अर्धशतकाहून जास्त काळ होता. त्याच काळातला अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाउनमध्ये रस्ता रिकामा असताना, पाडला. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत जवळजवळ पाचशे मीटरचा चढ, आणि त्यात जुन्या मोटारी. घाटात कडेला बॉनेट उघडून, वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ही ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पोरं पाण्याचे डबे घेऊन उभी असायची. शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर थांबायचे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, अशी आख्यायिका आहे. नाणं टाकायचं, हात जोडायचे आणि त्या निमित्तानं इंजिनालाही दम खाऊ द्यायचा. देवाला हात जोडण्याइतकाच इंजिन गार होण्याचाही त्या थांब्यात वाटा असणार, असं माझं आपलं मत.

गाड्या का तापायच्या? उंचीवर पाणी लवकर उकळतं म्हणून, असं आमचे एक काका ठासून सांगायचे. खंडाळ्याच्या उंचीवर फरक पडतो तो जेमतेम दोन अंशांचा. खरं कारण दुसरं आहे. जुन्या गाड्यांत रेडिएटरमागचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. पुढे ट्रक, मागे एसटी, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतेय, इंजिनावर सगळ्यात जास्त ताण, आणि समोरून वारा जवळजवळ नाही. त्यात ट्रकमागे अडकून इंजिन मंदावलं की पंखाही मंद! म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा गारवा सर्वांत कमी. शिवाय तापलेल्या इंजिनाशेजारच्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी पाणी असूनही बंद पडायची. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. डिकीत फडकं नाही अशी गाडी तेव्हा सापडली नसती.

फियाट ११०० कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची, तीच पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. अ‍ॅम्बॅसॅडर उत्तरपाड्याची. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि मिळालेली गाडी वीस-वीस वर्षं वापरायची. एवढ्या वर्षांत गाडी घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी व्हायची, म्हणजे तिची दुखणी सगळ्यांना पाठ. प्लग, फॅनबेल्ट, कंडेन्सर, सीबी पॉइंट घासायला पॉलिश पेपर, हे सगळं मोठ्या प्रवासाला पिशवीतून बरोबर. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची थांबली, तेव्हा लोकांनी हळहळून लिहिलं. त्यातल्या किती जणांनी तिला ढकललं होतं कोण जाणे.

आमच्या घरचा एक प्रसंग सांगते. गाडी कुठल्या कंपनीची ते जाऊ दे, ती सेकंड हँड होती एवढं पुरे. १९८६ चा मे महिना. आम्ही जेजुरीहून पुण्याला परत निघालो होतो. आजी, आई-बाबा, आत्या, मी आणि धाकटा भाऊ. सासवडच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ. बाबांनी गाडी एका बाभळीखाली घेतली. रेडिएटरला बारीक चीर गेली होती आणि पाणी टाकलं तरी ठिबकून जात होतं.

बाबा बॉनेटखाली. आता ते बघण्यासारखं दृश्य असतं. घरातला पुरुष बॉनेटखाली डोकं घालून उभा राहतो आणि बाकीच्यांनी त्याच्या पाठीकडे आदरानं बघायचं असतं. इकडे आईची वेगळीच लढाई चाललेली होती. भावाला ताप होता. प्यायचं पाणी किती ठेवायचं आणि रेडिएटरला किती द्यायचं याचा हिशोब ती करत होती, आणि शेवटचा तांब्या तिनं सरळ नाही म्हणून अडवला. आत्याला आडोसा हवा होता आणि त्या माळावर बाभळीखेरीज आडोसा नव्हता. मग आई आणि आजी लुगडं धरून उभ्या राहिल्या. गाडी बंद पडल्याच्या गोष्टी पुरुष सांगतात तेव्हा त्यात हे कधीच येत नाही.

अर्ध्या तासानं एक ट्रक थांबला. ड्रायव्हर बार्शीकडचा. त्यानं आधी झाकणावर ओलं पोतं टाकून ते अर्धंच फिरवलं आणि दाब जाऊ दिला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण एकदम काढलं तर कुकरची शिट्टी उकळत्या कुकरवरून काढल्यासारखं होतं, तोंडावर फवारा. मग चीर पाहून तो म्हणाला, "हळद हाय का?"

प्रवासात हळद कोण नेतं? पण आम्ही जेजुरीहून येत होतो. आजीच्या मांडीवर भंडाऱ्याची पुडी होती, पावशेर तरी, गल्लीत वाटायला घेतलेली.

आजी म्हणाली, "देवाचं आहे ते. पायदळी येता कामा नये."

"आजी, पायदळी कुठं? इंजिनाच्या पोटात चाललंय."

आजीनं बाबांकडे पाहिलं, भावाच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि पुडी सोडली. अर्धी. उरलेली अर्धी पदराला बांधून ठेवली. पाण्यात कालवून भंडारा आत गेला, इंजिन चालू केलं, आणि चिरेतून आधी पिवळी धार, मग पिवळे थेंब, मग नुसता ओलावा. हळदीची पूड फुगून बारीक भोक बुजतं, हा रस्त्यावरचा जुनाच तोडगा आहे. पेट्रोलची टाकी गळली तर अंगाचा साबण चोळतात, तसाच. गॅरेजवाले यावर वैतागतात, कारण मागाहून सगळा रेडिएटर तुंबतो, आणि आमचाही तुंबलाच. पण झाकण सैल ठेवून, दिवेघाट हळूहळू उतरून आम्ही रात्री आठला घरी होतो. ड्रायव्हरला बाबा पैसे देऊ लागले तर त्यानं घेतले नाहीत. कपाळाला भंडारा मात्र लावून घेतला.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली तेव्हा लोक तिच्या लहानपणाला हसले. तिच्यात विजेवर फिरणारा पंखा होता, जो इंजिनाच्या वेगावर अवलंबून नव्हता. घाटातल्या वाफांचा अंत खरा तिथून सुरू झाला. पुढे २००० च्या सुमाराला प्रदूषणाचे नियम आले, कार्बोरेटर गेला, फुंकर मारून जेट साफ करणारे मेकॅनिकही हळूहळू गेले. आता गाडी बंद पडली तर बॉनेट उघडून दिसतं ते एक काळं प्लास्टिकचं झाकण. त्याच्याखाली काय आहे हे लॅपटॉप जोडल्याशिवाय कळत नाही, आणि हॅटपिन घालायला नळी सापडत नाही. तरी गाड्या कितीतरी कमी बंद पडतात, हा सौदा मला मान्य आहे.

मला बोचतं ते दुसरंच. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. तिथं गाडी बंद पडली तर ती दुरुस्त करायला उभं राहणं हाच मोठा धोका. ताशी शंभरनं येणाऱ्याला उभी गाडी उभी आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आता सांगतात की धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा, सगळ्यांनी डाव्या बाजूनं उतरा, कठड्यापलीकडे जा आणि फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. बॉनेटखाली डोकं घालू नका. अगदी बरोबर आहे हे. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल १९९५ चा, त्याआधी एसटीडी बूथ शोधत बाबा लोक तीन-तीन किलोमीटर चालत गेले आहेत, आणि मागे अंधारात बायका-मुलं बसून राहिली आहेत. तो काळ कुणी गोड करून सांगू लागला की मला आत्याचा चेहरा आठवतो.

पण त्या कठड्यापलीकडे पोरांना घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबापाशी आज कोणी थांबत नाही. थांबायला जागा नाही, थांबणं नियमात बसत नाही आणि रात्री तर थांबायची भीतीच वाटते, दोन्ही बाजूंना. मी स्वतः गाडी चालवताना थांबत नाही. बार्शीचा तो ड्रायव्हर त्या रस्त्यावर असता तर तोही थांबला नसता, त्याला थांबताच आलं नसतं.

जुन्या रस्त्यांवर अजून थोडं वेगळं चित्र आहे. ट्रक बंद पडला की मागे झाडाची फांदी आणि ओळीनं दगड मांडलेले दिसतात. त्रिकोणापेक्षा ते लांबून कळतात, हे खरं. पण ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि दगड तिथंच राहतात, रात्री मोटारसायकलवाल्यासाठी. परवाच वाईहून येताना नवऱ्याला गाडी कडेला घ्यायला लावली आणि दोघांनी मिळून असे सात दगड उचलून गटाराकडे टाकले. मागून एक ट्रॅक्टरवाला आला. त्याला वाटलं आमची गाडी बंद पडलीय. "काय झालं, ताई? पाणी देऊ का?" म्हणून त्यानं ट्रॅक्टर थांबवलासुद्धा.